बेळगावातल्या बागा आणि मैदानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी फिरायला आलेली माणसं दोनच गोष्टी बोलतात, शुगर आणि बागेची अवस्था. पहिल्या विषयात मला गती नाही. दुसऱ्यावर मात्र गेली काही वर्षं इतके प्रश्न येतात, प्रत्यक्ष, फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, की तेच उत्तर परत परत टाइप करून बोटं दुखायला लागली. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे. उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्याचा नंबर दिला आहे.

१. आमच्या घराजवळची बाग नेमकी कुणाची? पालिका म्हणते बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची), बुडा म्हणते पालिकेची.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बाकीच्या तक्रारींपैकी निम्म्या इथेच अडतात. बेळगावात मोकळ्या जागेचे चार-पाच मालक आहेत. जुन्या वस्तीतल्या बागा बहुतेक महानगरपालिकेच्या. रामतीर्थनगर, कुमारस्वामी लेआउट अशा वसाहती बुडाने आखल्या. लेआउट पालिकेकडे हस्तांतरित होईपर्यंत तिथली बाग बुडाची. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड (प्रश्न १५ पाहा). शिवाय सरकारी खात्यांच्या जागा आहेत आणि शाळा-संस्थांची मैदानं आहेत. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत अर्धं गाव फिरायला जातं, म्हणून ती पालिकेची बाग होत नाही. ती आरोग्य खात्याची जागा.

फलकावर विश्वास ठेवू नका. फलक उद्घाटनाचा असतो, मालकीचा नव्हे. मंजूर लेआउटचा नकाशा आणि हस्तांतराचा कागद, हे दोन हातात आले की वाद मिटतो. खासगी लेआउट असेल तर विकसकाने रस्ते आणि बाग हक्क सोडून सरकारी यंत्रणेच्या नावावर नोंदवून दिली आहे का, ते सब-रजिस्ट्रारकडे बघा. नोंदवून दिलेली नसेल तर ‘बाग’ फक्त ब्रोशरमध्ये आहे असं समजा.

२. पार्क, मैदान, ओपन स्पेस, सीए साइट... फरक काय?

पार्क आणि खेळाचं मैदान नकाशात त्याच नावाने दाखवलेलं असतं. सीए साइट म्हणजे नागरी सुविधेची जागा: शाळा, दवाखाना, पोस्ट, समाजभवन यांसाठी. ती नियमाने एखाद्या संस्थेला भाडेपट्ट्याने देता येते. पार्क देता येत नाही. लोक सीए साइटवर चार वर्षं क्रिकेट खेळतात आणि पाचव्या वर्षी तिथे पाया खणला की मोर्चा काढतात. मोर्चा जरूर काढा, पण त्याआधी नकाशा बघा.

३. लेआउटमध्ये बागेला किती जागा सोडावी लागते? आणि शहराला किती पुरे?

बुडा ज्या कायद्याने चालते तो कर्नाटक नगरविकास प्राधिकरण कायदा १९८७चा. प्राधिकरणाच्या स्वतःच्या योजनेत बागा-मैदानांना किमान १५ टक्के आणि नागरी सुविधांना आणखी किमान १० टक्के जागा राखायची, असं त्यात आहे.

शहराचं गणित वेगळं. केंद्राच्या २०१४च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. २०११च्या जनगणनेत पालिका हद्दीतली लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार. माणशी १० चौरस मीटर धरले तरी ४८८ हेक्टर होतात, म्हणजे बाराशे एकर. एवढी जागा आता शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत कुठून काढणार? म्हणून मी एकूण आकड्यापेक्षा अंतर विचारतो. नातवाचा हात धरून चालत दहा मिनिटांत बाग येते का? रिंगरोडला दहा एकरांची बाग करून जुन्या बेळगावातल्या म्हातारीला काही मिळत नाही. तिला गल्लीच्या टोकाला दोन गुंठे जागा, एक झाड आणि एक बाकडं हवं असतं.

४. लेआउटमधली बागेची जागा दुसऱ्या कामाला देता येते का?

नाही. कर्नाटकात यासाठी १९८५चा उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जतन करण्याचा वेगळा कायदा आहे. आपल्या हद्दीतल्या अशा जागांची यादी करून ती प्रसिद्ध करणं हे त्याखाली स्थानिक प्रशासनाचं काम आहे. यादी मागा. यादीत नाव असलेल्या जागेला धक्का लावणं अवघड जातं.

दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाचा. बेंगळुरूत एका लेआउटमधली पार्कची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. १९९१ साली मुद्दप्पा खटल्यात न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. रुग्णालय कितीही चांगलं असलं तरी पार्कची जागा पार्कचीच, आणि ती वाचवण्यासाठी तिथल्या रहिवाशांना दाद मागता येते, असं त्यात स्पष्ट झालं. अर्ज लिहिताना या निकालाचा उल्लेख करा. समोरचा अधिकारी निदान खुर्चीत सरळ बसतो.

५. बागेच्या कोपऱ्यात छोटं देऊळ बांधायचं ठरतंय. सगळ्यांची संमती आहे. चालेल का?

सगळ्यांची संमती म्हणजे गल्लीतल्या मोठ्या आवाजाच्या माणसांची संमती, हे आधी मान्य करू. रस्ते, बागा आणि सार्वजनिक जागांवर कोणत्याही धर्माचं नवं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९चा आदेश आहे. चौथरा, मग पत्रे, मग ग्रील, मग कुलूप, हा क्रम आपण सगळ्यांनी पाहिला आहे. चौथऱ्याच्या वेळीच बोला. नंतर बोलणारा धर्मद्रोही ठरतो.

६. तक्रार मराठीत दिली तर घेतात का?

घ्यावी लागते. घटनेच्या कलम ३५०प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कुणीही आपलं गाऱ्हाणं सरकारी अधिकाऱ्याकडे मांडू शकतो. अर्ज नाकारला तर हे कलम शांतपणे दाखवा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

हा झाला हक्क. व्यवहार असा, की फाइलवरची टिपणी कन्नडमध्ये लिहिली जाते आणि ती लिहिणारा कारकून तुमचा अर्ज वाचून स्वतः भाषांतर करत बसत नाही. मी मराठी अर्जाला दहा ओळींचा कन्नड सारांश जोडतो. शेजारी कन्नड शाळेत शिकवणारे सर आहेत, ते चहावर लिहून देतात. यात मला कमीपणा वाटत नाही. मला नळ दुरुस्त व्हायला हवा असतो. अर्जात ‘बागेची दुरवस्था’ असं मोघम लिहू नका. ‘पूर्वेकडच्या गेटजवळचा झोपाळा, डावी साखळी तुटलेली, फोटो सोबत’ असं लिहा.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार. कर्नाटकात फी १० रुपये, अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. काय मागायचं ते पुढच्या प्रश्नात.

७. बागेवर लाखो खर्च झाले म्हणतात. मग दोन वर्षांत ती भकास का होते?

कारण बाग बांधायला पैसा मिळतो आणि जगवायला मिळत नाही. कारंजं, कमान, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट ही भांडवली कामं. त्यांना योजना असते, निविदा असते, फीत असते. बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत २०१६ साली आलं, तेव्हा असा पैसा बऱ्यापैकी आला. पण माळ्याचा पगार, पंपाचं वीजबिल, गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल, खत, तुटलेल्या नळाचा वायसर यांना फीत कापता येत नाही. तो खर्च दरवर्षी पालिकेच्या अंदाजपत्रकातून निघतो, आणि तिथे बागेच्या आधी कचरा, पाणी आणि गटार असतात.

दुसरं कारण कंत्राट. देखभालीच्या निविदेत ‘बागेची निगा राखणे’ एवढंच लिहिलेलं असेल तर कंत्राटदार सकाळी झाडलोट करतो आणि फोटो पाठवतो. काम मोजता येईल असं लिहिलेलं हवं: माळी किती, भांगलण महिन्यातून किती वेळा, पाणी कोणत्या महिन्यात किती, मेलेलं रोप किती दिवसांत बदलायचं. म्हणून माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: निविदेच्या अटी, कार्यादेश, मोजमाप वहीची प्रत आणि अदा केलेली बिलं. आमच्या भागातल्या एका बागेत मी हे मागितलं. कागदावर तीन माळी होते. रोज दिसायचे ते एकच मामा, आणि पाइपही त्यांनी घरून आणलेला. बिलं मात्र तिघांची.

८. मार्चपासून लॉन करपतं. पावसाच्या गावात पाण्याची एवढी ओरड का?

आपला पाऊस वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी आधी माणसांना, आणि एप्रिल-मेमध्ये माणसांनाही ते मोजून मिळतं.

आता लॉनचा हिशेब करू. कडक उन्हात हिरवं राहायला त्याला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस मीटर लॉन, म्हणजे दहा गुंठ्यांहून थोडंसं कमी, रोज पाच हजार लिटर पितं. म्हणजे रोज एक टँकर! त्याच पाण्यावर, रोपाला आठवड्याला ४० लिटर धरले, तर साडेआठशेहून जास्त रोपं जगतात. एवढं कळल्यावरही कुणी अख्ख्या बागेला लॉन मागत असेल तर त्याला हात जोडावेत.

लॉन ठेवायचंच तर मधोमध एक तुकडा ठेवा, मुलांना लोळायला. बाकी जागेत झाडं. आळी करून त्यांत पालापाचोळा भरा. बेळगावात दर जानेवारीत बागांतला पाला गोळा करून पेटवतात आणि मे महिन्यात खताची पोती विकत आणतात. कोपऱ्यात विटांचा एक कप्पा बांधला तर दोन्ही खर्च वाचतात. बोअरवेल मारण्याआधी पावसाचं पाणी बागेतच मुरेल असे चर खणा. आपली तांबडी माती पाणी चांगलं पिते. अट एकच, तिच्यावर पेव्हर घालून तोंड बंद करू नका.

९. कोणती झाडं लावावीत?

जागा मोठी असेल तर वड, पिंपळ, जांभूळ, करंज. मध्यम जागेत बकुळ, ताम्हण, बहावा, कांचन. ताम्हण मे महिन्यात जांभळं फुलतं. महाराष्ट्राचं राज्यफूल म्हणून त्यावर कुणी राजकारण काढू नये. झाडाला सीमावाद ठाऊक नाही. कर्नाटकाचा राज्यवृक्ष चंदन मात्र बागेत लावू नका. खोड जरा भरलं की रात्री करवतवाले येतात.

गुलमोहोर दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. जुलैच्या वाऱ्यात रस्त्यावर आडवा पडतो तो बहुधा हाच, नाहीतर पिवळ्या फुलांचा सोनमोहोर. खेळण्यांजवळ किंवा पार्किंगच्या कडेला हे नकोत. मोठ्या झाडांत किमान पाच-सहा मीटर अंतर ठेवा. वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोत गर्दी दिसावी म्हणून दोन-दोन फुटांवर खड्डे मारतात, आणि मग ती रोपं एकमेकांचा गळा धरतात. खड्डे मे महिन्यात खणून ठेवा, रोप जूनमध्ये पहिले दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर लावा. पाच जूनला लावायचा हट्ट बेळगावात तरी सोडा. ती तारीख जगाची आहे, आपल्या पावसाची नव्हे.

१०. फिरायचा ट्रॅक कसला असावा? पेव्हर की माती?

दाबलेला मुरूम. पेव्हर गुडघ्याला कडक लागतात, पावसात शेवाळतात, आणि एक जरी उचकटला तरी म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड जायला पुरतो. मुरुमाला मधून उंच, कडेला उतार असा आकार द्यावा आणि दोन्ही बाजूंना चर काढावा. नाहीतर जुलैमध्ये ट्रॅकचा ओढा होतो. दरवर्षी दिवाळीआधी नवा थर टाकून रोलर फिरवायचा. रुंदी निदान दोन मीटर, म्हणजे जोडीने चालणाऱ्यांना मागून येणारा ओलांडू शकतो. पेव्हर हवेत ते फक्त गेटपासून पहिल्या बाकड्यापर्यंत, व्हीलचेअरसाठी, आणि तिथे उतार एकास बारापेक्षा चढा नको. गेटला मोटारसायकल अडवायला लावलेली गोल फिरकी व्हीलचेअरलाही अडवते. त्यामुळे बाजूला रुंद फाटक हवंच.

११. खेळण्यावरून पडून मुलाला लागलं. खेळणी सुरक्षित आहेत हे कसं ओळखायचं?

मूल पडणारच. प्रश्न एवढाच, की ते कशावर पडतं. घसरगुंडीच्या पायथ्याशी काँक्रीट असेल तर ती घसरगुंडी बंद करायला सांगा, रंग कितीही नवा असो. खाली फूटभर खोल वाळू हवी आणि खेळण्याच्या चारी बाजूंनी सहा फूट मोकळी जागा. झोपाळ्याला पुढे-मागे त्याहून जास्त. वाळू मांजरं घाण करतात म्हणून काढून टाकतात. काढू नका, चाळा आणि महिन्याला खालीवर करा.

आता तुम्ही स्वतः बघायच्या गोष्टी. सी-सॉच्या मधल्या बोल्टला हात लावा, फिरत असेल तर नट ढिला आहे. झोपाळ्याच्या साखळीची सगळ्यात वरची कडी बघा, झिजते ती तीच. खालची कायम चकचकीत दिसते. पत्र्याच्या घसरगुंडीला दुपारी तीन वाजता हात लावून बघा. चटका बसला तर ती चुकीच्या दिशेला किंवा बिनसावलीच्या जागी बसवली आहे. ओपन जिमची यंत्रं मोठ्यांसाठी असतात. मुलं त्यावर लटकतात, बोटं अडकतात. ती खेळण्यांपासून लांब असावीत.

१२. बायकांनी संध्याकाळी सातनंतर बागेत जायचं कसं?

हा प्रश्न बायकाच पाठवतात आणि बागेचा आराखडा करणारे बहुधा पुरुष असतात. मागण्या साध्या आहेत. ट्रॅकवर सलग उजेड, म्हणजे एक दिवा झगझगीत आणि पुढे पन्नास पावलं अंधार असं नको. कंपाउंडची भिंत कमरेइतकी आणि वर जाळी, बाहेरून आत दिसेल अशी. दोन गेटं. आणि कुलूप नसलेलं, पाणी असलेलं शौचालय. शौचालय बांधलं जातं, पण किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. अर्जात ‘शौचालय बांधा’ असं न लिहिता ‘बाग उघडी तोवर शौचालय उघडं ठेवा’ असं लिहा.

१३. मैदानावर मंडप, लग्न, सभा, टूर्नामेंट. कुणाला परवानगी, कुणाला नाही?

मैदानाच्या मालकाची (प्रश्न १) लेखी परवानगी लागतेच. लाउडस्पीकर असेल तर पोलिसांचीही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. गणपतीत आपलं गाव मैदानाशिवाय चालत नाही, हे कुणी नाकारत नाही. माझं भांडण खड्ड्यांशी आहे. मंडप उतरतो, खांबाचे खड्डे तसेच राहतात आणि महिनाभराने त्यात एखाद्या पोराचा घोटा मुरगळतो. परवानगी देताना अनामत घ्यावी आणि मैदान पूर्ववत झाल्याचं बघून परत करावी.

नेहमी खेळणाऱ्या पोरांना मात्र परवानगी लागू नये. मैदान त्यांचंच, कार्यक्रम पाहुणा.

१४. बागेतलं झाड धोकादायक झालंय / विकासकामासाठी तोडताहेत. कुठे जायचं?

दोन्ही वेळा वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६प्रमाणे परवानगी तोच देतो. पालिकेचा अभियंता किंवा नगरसेवक नव्हे. सार्वजनिक कामासाठी ५०पेक्षा जास्त झाडं जाणार असतील तर आधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. वीजवाहिनीत शिरलेल्या फांद्या हेस्कॉम या वीज कंपनीचे लोक छाटतात, पण ते एकाच बाजूने छाटतात आणि झाड दुसऱ्या बाजूला कलतं. छाटणीच्या दिवशी हजर राहून तोल राखायला सांगा.

१५. कॅम्पात राहतो. वरचं सगळं आम्हाला लागू?

बरंचसं नाही. कॅन्टोन्मेंट संरक्षण मंत्रालयाखाली येतं आणि कॅन्टोन्मेंट कायदा २००६ने चालतं. पालिकेचा नगरसेवक तिथे काही करू शकत नाही. अर्ज बोर्डाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. काही मैदानं थेट लष्कराची आहेत, तिथे फिरायला मिळतं ती सवलत, हक्क नव्हे. फाटक बंद दिसलं तर वाद न घालता मागे फिरा.

१६. आणि हिंडलगा, निपाणी, खानापूर?

हिंडलग्यासारख्या शहरालगतच्या गावांत ग्रामपंचायत, निपाणीत नगरपालिका, खानापुरात नगरपंचायत. गावांचा पत्ता शहरासारखा झाला तरी बाग पंचायतीच्याच खिशातून होते, म्हणून ग्रामसभेत विषय लावून ठराव घ्या. खानापूरकरांना माझं वेगळं सांगणं: जंगल दाराशी आहे तेव्हा लॉन नको, मुलांना मैदान द्या.

१७. भटकी कुत्री फार झालीत. उचलून नेता येत नाहीत का?

२०२३च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून कुत्रं पकडलं त्याच भागात सोडतात. नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं अशा आवारांतली कुत्री हलवायला सांगितलं. गल्लीतली बाग त्यात आपोआप बसत नाही. तेव्हा आपण एक करा: बागेत भेळेचे कागद आणि उरलेला डबा टाकू नका. खायला घालणाऱ्यांशी भांडून उपयोग नाही. खेळण्यांपासून लांबची एक जागा आणि एक वेळ ठरवून घ्या.

१८. वडिलांच्या नावाने बागेत बाकडं द्यायचं आहे. कुणाला विचारायचं?

मालकाला (प्रश्न १), लेखी. नाव घालता येतं, पण जागा त्यांना ठरवू देऊ नका. तिथे आधी चार वेळा जाऊन या. मी पाहिलेल्या एका बागेत दान आलेली अकरा बाकडी आहेत, सगळी मुख्य रस्त्याकडे तोंड करून, नाव वाचता यावं म्हणून. एकावरही सावली नाही. दुपारी म्हातारी माणसं पंपघराच्या पायरीवर बसतात. तेव्हा सकाळी नऊला आणि दुपारी चारला सावली कुठे पडते ते बघा, पाठ टेकता येईल आणि उठताना हाताला आधार मिळेल असं बाकडं करून घ्या. दगडाचं नको, थंडीत बसवत नाही. नाव पाठीमागच्या बाजूला.